बिडाचा मॅनिफोल्ड

खोपोलीहून बोरघाट चढताना शिंगरोबाचं देऊळ मागं पडलं की एक वळण असं येतं की गाडीचं नाक आभाळाकडं होतं. १९४३ साली या वळणावर सरोजिनी दामले टॅक्सीतून उतरल्या होत्या. अंगावर लग्नातला शालू होता. पालीला लग्न लागलं होतं आणि वऱ्हाड वर निघालं होतं. युद्धाचे दिवस; पेट्रोल मिळत नव्हतं. टॅक्सी कोळशाच्या गॅसवर चालत होती आणि वळणावर तिचा दम संपला. ड्रायव्हरनं सगळ्यांना उतरवलं. नवरीला शालू गुडघ्यापर्यंत उचलून गाडीमागून चालावं लागलं. बाजूनं जाणाऱ्या बैलगाडीवाल्यानं विचारलं, "का हो वैनी, गाडी माहेरी ठेवली का?"

त्र्यंबक दामले तेव्हा रेल्वेत नकाशे काढणारे नवे कारकून होते. ते बायकोला म्हणाले, "पुन्हा इथं उतरावं लागणार नाही."

पुढं एसटी आली. ती हे वळण सहज चढत असे आणि सरोजिनीबाई तिच्यातूनच माहेरी जाऊन येत. दिलेला शब्द त्या विसरून गेल्या होत्या. दामले विसरले नव्हते. एसटी चढते, ती सरकारची. आपली गाडी चढली पाहिजे, आणि टॉप गिअरमध्ये, असं त्यांच्या डोक्यात होतं. हे त्यांनी कुणाला पटवून देण्याचा प्रयत्न केला नाही.

दौंड, भुसावळ अशा बदल्या होत होत ते लोणावळ्याला आले आणि रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिले. क्वार्टरमागं पत्र्याची शेड होती. तुंगार्लीच्या एका बंद बंगल्याच्या आवारात जुनी सहा सिलिंडरची प्लिमथ उभी होती. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. बंगल्याच्या वारसांना ती आवारातून जायला हवी होती. दामल्यांनी ती बैलजोडी लावून शेडमध्ये आणली. तिचं इंजिन त्यांनी सुट्टीच्या दिवशी खोललं, जोडलं आणि पुन्हा खोललं. अशी वर्षं गेली. गाडी चालू लागली, पण वजनानं भारी होती. घाट तिला झेपणार नव्हता.

उपाय बहिरूनं आणला. बहिरू बेडशाच्या वरच्या वाडीतला. पवनेच्या धरणावर यंत्रांच्या शेडमध्ये हमाली करता करता तो पाने धरायला शिकला होता. धरणाचं काम संपल्यावर डोझर भंगारात निघाले, तेव्हा त्यातल्या एकाचा टर्बो त्यानं दामल्यांसाठी मिळवला आणि गोणपाटात गुंडाळून खांद्यावर आणला. गोगलगाईच्या शंखासारखे दोन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, डबे पाठीला पाठ लावून जोडलेले, आत एकाच दांड्यावर दोन चक्रं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूनं एक चक्र फिरतं. दुसरं चक्र त्याच जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर ताकद जास्त.

"डोझरला डोंगुर हालवायला लागायचा त्यो," बहिरू म्हणाला. "तुमच्या गाडीला घाट काय लागून गेला."

आता प्रश्न राहिला मॅनिफोल्डचा. सहा सिलिंडरांतून निघणारा आगीसारखा वायू गोळा करून टर्बोपर्यंत नेणारा हा नळ. गाडीचा मूळचा मॅनिफोल्ड वायू खाली सायलेन्सरकडं सोडत होता. टर्बो लावायला त्यावर जागा नव्हती. नवा करणं भाग होतं. तो कशाचा करायचा यावर दामल्यांचं आणि गोरखचं भांडण झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

गोरखचं वेल्डिंगचं दुकान कार्ल्याच्या फाट्यावर, हमरस्त्याला लागून होतं. ट्रकच्या फुटलेल्या चासी, ट्रॅक्टरचे नांगर, बंगल्यांचे गेट असं काम तो करी. बहिरू धरण सुटल्यापासून त्याच्याकडंच होता. पहिला मॅनिफोल्ड गोरखनं लोखंडी पाइपचा केला. सहा पाइप वाकवून, सारख्या लांबीचे करून एका तोंडाशी आणले. काम देखणं होतं. दामल्यांनी गाडी जवळच्या वळवण धरणापर्यंत नेली आणि परत येताना ज्या जोडावर टर्बो लटकत होता तो जोड उलला. गोरखनं शिवून दिला. तो पुन्हा उलला, या वेळी शेजारी.

"पाइप पातळ पडला, आण्णा," गोरख म्हणाला. "जाड घेतो. आन् टर्बोला खालनं टेकू देतो. मंग हालत न्हाई."

"टेकू दिलास की पाइपला दोन्हीकडून धरलंस. तापला की तो वाढणार कुठं? फुटेलच."

"फुटला तर शिवता येतो. तुमी म्हणताय त्ये बीड एकदा तडकलं की तडकलं. त्याला ना टाका, ना दोरा."

"म्हणून ते तडकणार नाही असंच करायचं."

"ह्ये म्हंजी नवऱ्याला बजावून सांगायचं, मरू नको म्हणून."

बिडाच्या बाजूनं दामल्यांकडं कारणं होती. बीड जाड असतं, उष्णता धरून ठेवतं आणि टर्बोला वायू गरमच हवा असतो. टर्बोचं वजन ते टेकूशिवाय पेलतं. धरणावरच्या डोझरचे मॅनिफोल्डही बिडाचेच होते. विरुद्ध एकच गोष्ट होती. लाल झालेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं. दामल्यांना हे गोरखच्या आधीपासून माहीत होतं.

हा १९७५ सालच्या सुरुवातीचा हिवाळा. एप्रिलअखेर दामले निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं, पुण्यात मुलाच्या दोन खोल्यांत जायचं. तिथं गाडी लावायला गल्लीसुद्धा नव्हती. पेट्रोलचे भाव आधीच्या वर्षी असे चढले होते की बाजारातल्या चहावाल्याकडं दामले दिसले की कुणी तरी म्हणेच, "अण्णा, आम्ही चहा सोडतो. तेवढीच तुमच्या गाडीला मदत." दामले चहा संपवून उठत. काय करायचं ते एप्रिलच्या आत, आणि दोहोंपैकी एकच मॅनिफोल्ड करून सुट्टीच्या दिवशी बसवण्याइतका वेळ होता.

त्यांनी बीड निवडलं. तळेगावच्या एका सुताराकडून सागवानी साचा करून घेतला आणि पिंपरीच्या एका फाउंड्रीत दिला. फाउंड्रीवाल्यांनी मोठ्या कामांच्या मागं टाकून तो मार्चमध्ये ओतला. पुढच्या खेपेला जूनशिवाय हात लागणार नाही असंही त्यांनी सांगून ठेवलं. ओतकाम स्वच्छ उतरलं होतं. एक जाड आडवा नळा, त्याला सहा आखूड तोंडं, मधोमध टर्बोसाठी चौकोनी बैठक.

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ठेवलेला पाहून सरोजिनीबाई म्हणाल्या, "हा खेकडा कशाला आणलात घरात?"

"खेकड्याला आठ पाय असत्यात, काकू," बहिरू म्हणाला. "वर दोन नांग्या. ह्यो लंगडा हाय."

"मग जपून न्या. लंगड्याला घाट चढायचाय म्हणे."

पाण्यापासून बचावाची तयारी दामल्यांनी नकाशा काढून केली. पाऊस सुरू व्हायच्या आत घाट चढायचा, हे ठरलंच होतं. तरी रस्त्यावरचं पाणी चाकानं उडेल म्हणून मॅनिफोल्डला खालून आणि दोन्ही बाजूंनी पत्र्याचं कवच घातलं. रेडिएटरची नळी फुटली तर तिची चिळकांडी उडू नये म्हणून मध्ये आडवी पट्टी दिली. वरची बाजू उघडी ठेवली. बीड किती तापलं ते रंगावरून कळतं आणि रंग त्यांना पाहायचा होता.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी गाडी घाट उतरून खोपोलीला गेली. दामले चाकावर, शेजारी सरोजिनीबाई, मागं बहिरू. सरोजिनीबाईंचे गुडघे तेव्हा दुखत होते. नेसायला त्यांनी रोजचंच पातळ घेतलं होतं. कुठं जायचं आणि कशाला, ते त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या होत्या.

"एवढ्यासाठीच."

खोपोलीत घाटाच्या तोंडाशी पाण्याचे डबे घेऊन माणसं उभी असत. गाड्यांची इंजिनं उकळली की ती पाणी ओतत आणि वर चार पैसे घेत. त्यातला एक डबा घेऊन पुढं आला तेव्हा दामल्यांनी त्याला हातानं लांब ठेवलं. बहिरूला बजावलं, "वर पोचेपर्यंत पाण्याचा थेंब गाडीजवळ येता कामा नये."

"व्हय, आण्णा."

गाडी चढू लागली. टर्बोची बारीक शीळ सुरू झाली. पहिल्या चढावर गिअर बदलावा लागला नाही, दुसऱ्यावरही नाही. ओझ्याचे ट्रक मागं पडले. एका ट्रकच्या क्लीनरनं फळीवरून वाकून बॉनेटकडं पाहिलं, जणू आत कुणी लपलं आहे. सरोजिनीबाईंनी डोक्यावरचा पदर सावरून खिडकीबाहेर बघितलं. त्यांची पाठ सीटला टेकली होती. दामल्यांनी ते पाहिलं.

शिंगरोबाच्या देवळाशी ते थांबले. घाटातला कोणीही ड्रायव्हर इथून पैसा टाकल्याशिवाय जात नाही. आणि गाडी नवी असेल किंवा इंजिन नवं बसवलेलं असेल, तर थांबून नारळ फोडतात. दामल्यांनी नारळ लोणावळ्याहूनच आणला होता. देवळावर त्यांची फार श्रद्धा होती असं नाही. क्वार्टरमध्ये पहिली सायकल आली तेव्हाही नारळ फोडला होता, शिवणाचं यंत्र आलं तेव्हाही. गाडी थांबली तरी चालणार होतं; वळण अजून पुढं होतं.

त्यांनी झाडाच्या सावलीत गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. मॅनिफोल्ड करवंदाच्या आतल्या रंगावर आला होता, सगळीकडं सारखा. कुठं डाग नाही, कुठं केसाएवढी रेघ नाही. बहिरू आणि सरोजिनीबाई दोघांनाही त्यांनी बोलावून तो रंग दाखवला.

मग ते देवासमोर गेले, दगडावर नारळ आपटला आणि पाणी सांडू नये म्हणून दोन्ही भकलं ओंजळीत धरून गाडीकडं आले. थोडं पाणी पुढच्या चाकांवर घातलं. उरलेलं, जसं आजवर प्रत्येक यंत्रावर शिंपडलं होतं तसं, हाताला लागलेल्या सवयीनं, समोरच्या उघड्या इंजिनावर शिंपडलं.

वाफेचा फुसकारा आला आणि त्याच्या आत एक आवाज झाला. काचेच्या पेल्याला चमचा लागावा एवढाच.

बहिरूनं आधी दामल्यांच्या हाताकडं पाहिलं, मग इंजिनाकडं. तिसऱ्या आणि चौथ्या तोंडामधून, बैठकीच्या बाजूनं, काळी रेघ खालपर्यंत गेली होती.

"नारळाचं व्हतं," बहिरू म्हणाला. "थोडंच व्हतं."

दामल्यांनी भकलं बहिरूच्या हातात दिली आणि धोतराला हात पुसले.

इंजिन सुरू झालं; पण सगळा वायू भेगेतून फडफडत बाहेर जात होता आणि टर्बोची शीळ उठेना. त्यात आणखी एक गोष्ट होती. टर्बोची जास्तीची हवा झेलता यावी म्हणून दामल्यांनी इंजिनाचा मूळचा दाब मुद्दाम कमी करून ठेवला होता. त्यामुळं टर्बोवाचून ही गाडी कोंबड्यांच्या दिवसांतल्या गाडीपेक्षाही दुबळी झाली होती. ती पहिल्या गिअरमध्ये, ट्रॅक्टरसारखी आवाज करत निघाली. जे ट्रक मागं टाकले होते ते पुढं गेले. मघाचा क्लीनर या वेळी हसला.

वळणावर गाडी थांबली. बहिरू न सांगता उतरला आणि मागून रेटू लागला. गाडी हातभर चालली, परत थांबली. सरोजिनीबाईंनी दार उघडलं.

"तुम्ही बसा," दामले म्हणाले.

"कशाला? ती चढत नाहीये."

"तुमचे गुडघे…"

"गुडघे माझे मी बघते. तुम्ही चाक धरा."

त्या उतरल्या, पातळ थोडं उचललं आणि कठड्याच्या बाजूनं चालू लागल्या. हलकी झालेली गाडी वळण चढून गेली. वरच्या सपाटीवर दामल्यांनी ती उभी केली, पण ते खाली उतरले नाहीत. आरशात बायको वळणावरून येताना दिसत होती. मध्ये एकदा ती कठड्याला हात लावून थांबली, मग पुन्हा निघाली. गाडीत बसल्यावर सरोजिनीबाईंनी चपलेतला खडा काढला.

"त्या वेळी बैलगाडीवाला तरी होता बोलायला," त्या म्हणाल्या.

दामल्यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी गोरख क्वार्टरवर आला. त्यानं भेगेवरून अंगठा फिरवला. पितळी काडीनं भेग भरून पाहिली. इंजिन तापताच ती उघडली. मग तो म्हणाला, "जाड पाइपचा करतो, आण्णा. चार दिस द्या. तुमचं क्वार्टर अजून हाय तवर हून जाईल."

"नको."

"पैशाचं न्हाई म्हणत मी."

"मीही पैशाचं म्हणत नाही. तिला उतरावं लागलंच ना, गोरख. आता कशाला?"

एप्रिलअखेर क्वार्टर रिकामं झालं. प्लिमथ भंगारवाल्यानं ओढून नेली. टर्बो बहिरूनं मागून घेतला आणि वाडीवर नेला. तिथं तो बरीच वर्षं गोठ्याच्या दाराला अडण म्हणून होता. पुण्यात दामले तीन जिने चढून राहत. सरोजिनीबाईंना गुडघ्यांमुळं ते जिने झेपत नसत, त्यामुळं त्या फारशा खाली येत नसत. दामले संध्याकाळी एकटे फिरायला जात. घाटाचा विषय घरात निघाला नाही. माहेरी पालीला काही कार्य निघालं तर दोघंही जाणं टाळत. १९७८ च्या पावसाळ्यात दामले वारले.

मॅनिफोल्ड कार्ल्याला गोरखच्या दुकानावर आहे. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेल्या दगडांमध्ये तो ठेवला आहे. भेगेच्या कडेनं पितळ अजून दिसतं. पाइपचा असता तर वर गेला असता का, असं विचारलं तर गोरख डोळ्यांवरचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवतो.

"पाइपचा असता तर आण्णा म्हणाले तसा फुटलाच असता, घाट लागताच," तो म्हणतो. "पर काकू खोपोलीतच उतरल्या असत्या. एवढं वर येऊन न्हाई."