माझं पाणी आहे

"सुनंदाला खेळवू नका, मॅडम. तब्येतीचं आहे," चेअरमन सर खाली बघत म्हणाले.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कॉलेजात होते. कागदोपत्री शारीरिक शिक्षण संचालक, पोरांच्या तोंडी जिमखान्याची मॅडम. सर शिकवायचे अर्थशास्त्र, पण जिमखाना कमिटीचे चेअरमन होते, त्यामुळे टीम तेच विद्यापीठाला कळवायचे. सुनंदा माझ्या कबड्डीच्या टीमची रेडर. चढाईला गेली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकायच्या. तिचं शेवटचं वर्ष होतं. इंटरकॉलेजमध्ये चमकली असती तर विद्यापीठाच्या संघात जायची संधी होती.

"काय झालंय तिला?"

"ते... बायकांचं असतं ना. तिनेच सांगितलं मला."

आदल्या आठवड्यात मी मीटिंगला गेले होते, तेव्हा एक दिवस प्रॅक्टिस सरांनी घेतली होती. मी सुनंदाला गाठलं. सरांना काय सांगितलंस गं?

"तुम्हाला सांगते तेच. सर, माझं पाणी आहे, जाऊ का?"

मला आधी हसू फुटलं. मग डोकं असं फिरलं म्हणता!

चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. वाकोल्याला तिच्या चाळीत अख्ख्या मजल्याला एक नळ. पाणी संध्याकाळचं, ऐन प्रॅक्टिसच्या वेळी, तेही तासभर. 'माझं पाणी आहे' म्हणजे आज नळावर माझा नंबर आहे. तो चुकला की घर कोरडं. गिरणीच्या संपात वडिलांचं काम गेलं होतं, ते बिगारीला जायचे. आई दुपारपासून रात्रीपर्यंत लोकांकडे भांडी घासायची. पाणी सुनंदावर. मी तिला सोडायचे, कारण मीही चाळीतलीच. सर राहायचे पार्ल्याला, ब्लॉकमध्ये, गच्चीवर टाकी. मुलगी पाणी म्हणाली तर यांना सुचलं काय, तर अंगावरून पाणी जातंय! नीट विचारायची लाज वाटली. 'आजारी' म्हणून विद्यापीठाला कळवून तिचं नाव काढायची मात्र वाटली नाही.

मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. वाटलं, ओशाळतील. कसलं काय!

"मग ती प्रॅक्टिस सोडून पळणारच. ज्यांना वेळ आहे त्यांनी खेळावं, मॅडम. या मुलींना मुळात आवडच नसते."

आवड नसते! हंडे भरून धापा टाकत परत यायची ती पोर. तोवर ग्राउंडवर चिटपाखरू नसायचं. मला इतका संताप आला की तिथून उठले ती थेट प्रिन्सिपलांकडे.

त्यांनी विद्यापीठात फोन लावला. उत्तर आलं, तिला परत घ्यायची तर बरी झाल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर चूक झाली म्हणून कॉलेजने लिहून द्यावं. सर लिहून देईनात. म्हणे कॉलेजची अब्रू जाते! आणि पोरीची? प्रिन्सिपल म्हणाले, वाद कशाला वाढवता, सर्टिफिकेट आणा.

सुनंदाने ऐकून घेतलं. "मला काही झालंच नव्हतं मॅडम, तर बरी झाले असं कसं लिहून घेऊ? उद्या हे चाळीत कळलं, तर लग्नाच्या वेळी आई कोणाकोणाला समजावत बसेल?"

तिचं खरं होतं. ती खेळली नाही. टीम पहिल्याच फेरीत आपटली आणि सरांनी त्याचंही खापर मुलींच्या आवडीवर फोडलं.

पुढच्या वर्षी मी कुणाला न विचारता प्रॅक्टिस सकाळी लावली. त्या वेळी ट्रस्टींचे दोस्त ग्राउंडवर फिरायला यायचे. त्यांनी आरडाओरडा केला. मी म्हटलं, कडेकडेने फिरा. महिन्याभरात वाकोला, मरोळ, जोगेश्वरीच्या पोरींनी ग्राउंड भरलं. सर बघायला आले.

"यंदा अचानक आवड निर्माण झालेली दिसते."

"आवड होतीच, सर. नळ संध्याकाळी येतो."

सुनंदा तोवर मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. विद्यापीठाच्या संघात ती कधीच गेली नाही.

नव्या पी.टी. शिक्षकांना मी एवढंच सांगते. पोरांची उंची, वजन सावकाश घ्या. आधी घरी पाणी किती वाजता येतं ते विचारा.