एकाच बाजूला फिरणारी रिंग

अँटन आज सकाळी गेला. घड्याळ हातात तसंच होतं.

गोराईचा अँटन. गोदीत जहाजांच्या तळाशी उतरून काम करणारा पाणबुड्या. आणि पाणबुड्यांची घड्याळं बनवणाऱ्या माझ्या मुलुंडच्या वर्कशॉपमधला पार्टनर.

मी लेथवर उभा राहून वर आलेला माणूस. स्टील माझ्या हातातलं. टायटॅनियमचं खूळ त्याचं.

"शेठ, खाऱ्या पाण्यात गंजत नाही, मनगटाला जड होत नाही. अजून काय पाहिजे तुला?"

शेठ म्हणायचा. चिडवायला.

पण हे मेटल कापताना जीव घेतं. सगळी उष्णता टूलच्या टोकावर बसते. टूलची धार जायला आली की आवाज बदलतो, तो मी ऑफिसात बसून ओळखायचो. ढीगभर टूल्सची वाट लागली. घड्याळाची केस मात्र झकास निघाली. करडी, हलकी, काडीची चमक नाही.

काचेभोवती एकाच बाजूला फिरणारी रिंग असते. बुडी मारताना डायव्हर तिची खूण मिनिटकाट्यावर आणतो, म्हणजे खाली किती वेळ झाला ते कळतं.

तिची टेस्ट आमची घरगुती. अँटन ओला ग्लोव्ह घालून रिंग फिरवणार, मी डोळे मिटून ऐकणार. एकही टिक घसरली नाही की मी म्हणायचो, "पास." मगच घड्याळ बॉक्समध्ये.

एकदा मोठ्या शोरूमचा बायर आला. म्हणाला, रिंग दोन्ही बाजूंना फिरू दे, कस्टमरला खेळायला आवडतं. ऑर्डर अशी की मशीन थांबलंच नसतं.

अँटन शांतपणे म्हणाला, "साहेब, खाली धक्का लागून रिंग हलतेच. आमची हलली तर वेळ जास्त झालेली दिसते, माणूस लवकर वर येतो. उलटी हलली तर त्याला वाटतं, अजून वेळ आहे."

मग म्हणाला, "माझी पोरगी डाइव्ह करते. तिच्या हातात मी ते बांधणार नाही."

बायरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पार्टनर बोलला ते फायनल.

ऑर्डर हातची गेली. नंतर गोदीतले पाणबुडे एकेक करून आले. आज त्यांच्या मनगटावर आमचं घड्याळ असतं.

आज गोराईला घरी कोणीतरी म्हणालं, घड्याळ त्याच्यासोबतच जाऊ दे. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ते पाण्यासाठी बनवलंय, वहिनी.

त्यांनी ते काढून लेकीच्या, लिझाच्या हातात बांधलं.

"अंकल, ऐका ना," लिझा म्हणाली आणि तिने रिंग फिरवली.

मी डोळे मिटले.

इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात काढली त्याने. एकही टिक घसरली नाही.

पास, अँटन.

आता आराम कर, पार्टनर.