आधीच लिहून ठेवलेला आठवडा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेत पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या दिवशी मी टेबलावर पुस्तक आपटलं तेव्हा कोणाला फारसं नवल वाटलं नसावं. सहावीचा वर्ग, हवामानाचा धडा, आणि पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहून घडाघडा म्हणत होती, आर्द्रता म्हणजे हवेतील बाष्पाचे प्रमाण. एका अक्षराची चूक नाही. मी विचारलं, मग आज हवा दमट आहे की कोरडी? तर ती पुस्तकात उत्तर शोधायला लागली. बाहेर सप्टेंबरचा असा उकाडा होता की सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले होते, आणि ही पानं उलटतेय.

तसा पोरांचा तरी काय दोष? सुरतेतली मराठी माध्यमाची शाळा. बहुतेक घरं खानदेशातून आलेली, माझ्यासारखीच. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि पुस्तकात मराठी. माझी आई आभाळाला आभाय म्हणते, शेजारचे बादल म्हणतात. गुजरातीत वादळ म्हणजे साधा ढग, त्यामुळे एकीनं वहीत लिहिलं होतं, 'आज सकाळी छोटेसे वादळ होते, नंतर ते निघून गेले.' ते वाचून मी स्टाफरूममध्ये हसून हसून बेजार झाले होते. एवढ्या गर्दीत पर्जन्यमान, निरभ्र, मेघाच्छादित, दव असले शब्द आले की मुलं ते नव्या कपड्यांसारखे घडी घालून ठेवायची आणि फक्त परीक्षेला बाहेर काढायची.

म्हणून मी फळा लावला. फाटकाच्या आत, भिंतीवर. आठवड्याचे वार आडवे आणि खाली चार ओळी: आकाश, वारा, हवा, पाऊस. नियम एकच, मोबाइल बघायचा नाही. शाळा भरायच्या आधी पटांगणात उभं राहायचं, वर बघायचं, आणि दिसेल ते पुस्तकातल्या शब्दांत लिहायचं.

वारा त्यांना लगेच जमला. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, दिवसभर पतंग उडवणाऱ्यांना वाऱ्याची दिशा शिकवायला मी कोण? उलट त्यांनीच मला सांगितलं, की पूर्वेचा वारा असला की चलथाणच्या साखर कारखान्याचा वास येतो. मी म्हटलं, उगाच काहीतरी फेकू नका. मग थंडीतल्या एका सकाळी रिक्षातून उतरताना मलाच तो मळीचा गोडसर वास आला. वर्गात जाऊन कबूल करावं लागलं. पोरं दिवसभर खूश होती.

अडलं ते आर्द्रतेपाशी. ऊन दिसतं, धुकं दिसतं, पाऊस मोजायला आम्ही बाटली कापून ठेवली होती. पण हवेतला ओलावा यंत्राशिवाय कसा ओळखायचा? मी वर्गाला विचारलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"गम वाळत नाही."

ही मुलगी दिवाळीनंतर मराठवाड्यातून आली होती. वडील लूमच्या कारखान्यात लागलेले, म्हणून सगळं घर इकडे आलं. पहिल्याच दिवशी वर्गात ती काहीतरी बोलली आणि तिच्या बोलण्याला पोरं हसली. तेव्हापासून पोरीनं तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मी ओरडून पाहिलं, गोडीगुलाबीनं घेऊन पाहिलं, काही उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर मी तिचा नाद सोडला होता, आणि त्याची मला आता लाज वाटते.

मी म्हटलं, नीट सांग. तर ती उभी राहून सांगायला लागली. तिची आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. आमच्या भागात निम्म्या बायका हेच काम करतात. गठ्ठे घरी येतात, गमाचा एकेक ठिपका टाकून त्यावर खडा ठेवायचा, आणि मग साड्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, वाळत टाकायच्या. हवा कोरडी असली की गम दोन तासांत टणक होतो. दमट असली की संध्याकाळपर्यंत चिकट राहतो आणि घडी घालताना खडे घसरतात. ती म्हणाली, मी सकाळी उठले की कालच्या ठिपक्याला बोट लावून बघते. वर्गातलं कोणीच हसलं नाही, कारण त्यांतल्या अर्ध्यांच्या आया तेच करत होत्या आणि हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी तिथल्या तिथे फळा तिच्या हवाली केला.

त्यानंतरचे दीड-दोन महिने मी इतकी खूश होते की माझं ओरडणंही कमी झालं. ती सगळ्यांच्या आधी शाळेत यायची. बोट ओलं करून वाऱ्यात धरायची, मान मागे टाकून आभाळाकडे बघायची आणि ठळक अक्षरात लिहायची. कोणी वाद घातला तर भांडायची. ज्या पोरांनी तिला हसून गप्प केलं होतं, तीच तिला विचारायला लागली, की हे ढग निरभ्रमध्ये धरायचे का अंशतः ढगाळमध्ये. पोरांना सोडायला येणाऱ्या आयाही फळ्यापाशी थांबायच्या. हवा दमट लिहिलेलं दिसलं की त्या दिवशी गमाचं काम कमी आणि सुई-दोऱ्याच्या टाक्यांचं जास्त. तिची आई तर मला म्हणाली, की बाई, लेकरू घरीबी बोलाया लागलं आता. माझी कॉलर ताठ झाली.

आणि मग मीच माती खाल्ली.

फेब्रुवारीत आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, मंगळवारपासून तीन दिवस, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच तीन दिवसांत केव्हातरी साहेब शाळा तपासायला येणार होते. फळ्यावर रिकामे रकाने दिसले तर बरं दिसणार नाही, असं माझ्या डोक्यात शिरलं. बदली बाई लक्ष देणार नाहीत, पोरं गोंधळ घालतील, असे माझे दहा हिशेब. सोमवारी मी तिला सांगितलं की शनिवारपर्यंतचं सगळं आजच लिहून टाक.

ती खडू हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, अजून बुधवार आलाच नाही."

मला घाई होती. मी चिडले. पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, हिवाळ्यात सुरतेचं हवामान कसं असतं? कोरडं. पाऊस केव्हा पडतो? जूननंतर. मग फेब्रुवारीत काय आकाश कोसळणार आहे का? लिही मुकाट्यानं, आणि मी येईपर्यंत कोणी फळ्याला हात लावायचा नाही. तिनं लिहिलं. सहाही दिवस आकाश निरभ्र, हवा कोरडी, पाऊस नाही.

हवा म्हणजे आज आत्ता बाहेर जे आहे ते, आणि हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. हा फरक त्या धड्याच्या पहिल्याच पानावर आहे. तो मी चौदा वर्षं शिकवतेय. आणि घाईच्या वेळी मीच सरासरी घेऊन बुधवारच्या रकान्यात कोंबली.

बुधवारी मावठं आलं. थंडीत अवचित पडणाऱ्या पावसाला इकडे मावठं म्हणतात. अकराच्या सुमाराला टपोरे थेंब सुरू झाले आणि तासभर चांगलं झोडपून गेलं. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये आम्ही खिडकीपाशी जाऊन मजा बघितली, गरम चहा घेतला. फळा मला आठवलासुद्धा नाही.

शुक्रवारी शाळेत आले तर फळा कोरा. कोणीतरी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेला. मी विचारलं तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग हळूहळू कळलं. गुरुवारी सकाळी तिनं तो पुसला, एक शब्द न बोलता शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि आज आलीच नव्हती. बुधवारी तिच्या आईच्या साड्या अगाशीवर भिजल्या होत्या.

शाळा सुटल्यावर मी तशीच तिच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. जमिनीवर साड्या पसरलेल्या, गम पांढराफटक पडलेला, आणि आई सुईच्या टोकानं एकेक खडा उकरून वाटीत टाकत होती. मुलगी भिंतीला टेकून तेच करत होती. तिनं माझ्याकडे वर बघितलं नाही.

आईनं मला पाणी दिलं, बसायला चटई टाकली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे सांगत होती. बुधवारी सकाळी वातावरण कुंद होतं, रात्रीचा गम बोटाला चिकटत होता. तिनं मुलीला विचारलं होतं, आज वाळत टाकू का? मुलगी फळा बघून धावत घरी परत आली होती आणि म्हणाली होती, टाक, कोरडी लिहिलीय. आई नवऱ्याची भाकरी घेऊन कारखान्यावर गेली, येईपर्यंत सगळं भिजून गेलं.

"मला दिसत व्हतं," मुलगी एकदम म्हणाली. "ढग दिसत व्हते. पण बाईनं लिव्हाया लावलं व्हतं, मग मला वाटलं मलाच कळत नसंल."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दीड-दोन महिने खपून मी त्या पोरीला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, आणि एका सोमवारी घाईघाईत तो काढून घेतला होता. मी तिच्यासमोर आणि तिच्या आईसमोर सांगितलं की चूक माझी आहे, तिची नाही. तू बरोबर बघितलंस, मी बघितलंच नाही.

मग मी पदर खोचला आणि खडे लावायला बसले. गठ्ठा शनिवारी संध्याकाळी परत द्यायचा होता. मला वाटलं, यात काय मोठं, एक ठिपका आणि एक खडा. माझे पहिले दहा ठिपके बघून आई हसायला लागली. म्हणाली, बाई, तुम्ही साडीवर दही सांडल्यासारखा गम टाकताय. शेजारची बाई दारात येऊन बघून गेली, तीही हसली. दिवेलागणीपर्यंत माझी बोटं एकमेकांना चिकटली होती, पण ओळ सरळ यायला लागली होती. मुलगी माझे वाकडे खडे गुपचूप सरळ करत होती.

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून मी जरा आधी निघून त्यांच्याकडे डोकावले. साड्या तयार होत्या. दारातून दिसणारं आभाळ धड मोकळं नाही, धड भरलेलं नाही. गठ्ठा आजच वाळायला हवा होता, पुन्हा भिजला असता तर काम हातचं गेलं असतं. आईनं मला विचारलं, "बाई, टाकू का आज वाळत?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. निघताना मी मोबाइलवर बघून आले होते, दिवसभर ऊन. माझा स्वभावच असा की विचारलेल्याचं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. पण मी ओठ दाबून गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा जमलंय ते मला. मी मुलीकडे बघितलं. बराच वेळ ती साडीच्या काठाशी चाळा करत राहिली. मग उठली आणि जिन्यानं वर अगाशीवर गेली.

ती खाली येईपर्यंत आम्ही दोघी नुसत्या बसून होतो. खाली भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली. मला वाटलं, आता ही येऊन म्हणेल की मला नाही कळत, बाईंना विचार. तसं झालं असतं तर ते मी कशानं भरून काढलं असतं, मला माहीत नाही.

ती आली. दारातच उभी राहिली आणि आईला म्हणाली, "दुपारपर्यंत टाक. वारं समुद्राकून फिराया लागलंय. दोनच्या आत काढून घे."

माझ्या मोबाइलमध्ये दुपारनंतरही ऊन होतं. आईनं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिनं गठ्ठा उचलून डोक्यावर घेतला आणि जिना चढायला लागली. मुलगी दोरी घेऊन तिच्या मागे गेली, आणि मी खाली दारात उभी राहिले. पुन्हा कोणी मला विचारलं नाही याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.