पायबघ्या डॉक्टरांचे थेंब

भवानी पेठेतले आमचे डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे शेवटी बघत. आधी पाय. लग्नाला आले तरी त्यांची नजर दागिन्यांवरून नाही, पावलांवरून फिरे. पेठ त्यांना पायबघे डॉक्टर म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होते. "तोंड पाहुण्यांसाठी हसतं. पाय कशाला हसतील?" असे म्हणत.

आईची जोडवी रुतू लागली तेव्हा आम्ही म्हटले, अंग भरले. जिना चढताना धाप लागे, ती वयाने. उताणे पडले की श्वास कोंडे, म्हणून ती भिंतीला टेकून झोपे. डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. "लहानपणी तापात सांधे धरले होते का?" त्यांनी विचारले. धरले होते, करकंबला, माहेरी. "त्याच तापानं काळजाची झडप बिघडली. आता ते थकलंय. रक्त पुढं ढकलत नाही, म्हणून पायांत पाणी साचतं." बरे होणार नव्हते, पण सांभाळता येणार होते. पडून राहायचे, मीठ बंद आणि रोज औषधाचे थेंब.

थेंब ते स्वतः येऊन मोजत. कंपौंडरवरही विश्वास नाही. शेजारच्या हातमागाची खटखट त्यांना चालायची, पण मध्ये कोणी बोलले तर पेला ओतून पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांत आईची जोडवी सैल झाली.

मग श्रावण लागला. अळणी खाऊन आई विटली होती. सोमवारी म्हणाली, "शेंदेलोण घाल की त्यात. उपासाला चालतंय, मग ते मीठ कसलं?" मला पटले. घरात लहानपणापासून हेच पाहिलेले. मग मी रोजच घालू लागले. ती दोन घास जास्त खाई, मला बरे वाटे.

सूज परत आली. "मीठ?" डॉक्टरांनी विचारले.

"चिमूटभर नाही," मी म्हणाले. मी खरेच बोलते आहे असे मला वाटत होते. त्यांनी थेंब वाढवले. आईला मळमळू लागले. एका दुपारी तिने विचारले, "भिंत पिवळी केली व्हय गं?" भिंत पांढरी होती. पिवळे दिसणे ही थेंब जास्त झाल्याची खूण; ते ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरला. औषध त्यांनी तिथेच थांबवले. दोन दिवसांनी आई गेली.

"माझ्या हातून जास्त झालं," ते दारात म्हणाले. पेठेत विचारणाऱ्यालाही हेच सांगितले. पुढे असा रोगी आला की दुसरीकडे पाठवत.

शेंदेलोणही मीठच, हे मला वर्षभराने एका वैद्यांकडून कळले. मी कुणाला बोलले नाही. डॉक्टर समोरून आले की मी बोळात शिरे. माझे पाय त्यांनी पाहू नयेत असे वाटे. ओझे माझे होते आणि वाहत ते होते, हे मला रोज दिसत होते.

दहा वर्षांनी ते स्वतः आजारी पडले. भेटायला गेले तर तीन उशांना टेकून बसलेले, पावलांवर धोतर ओढून घेतलेले. मी सगळे सांगितले.

"रोज घालत होतीस?"

"रोज."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे पहिले थेंब बरोबर होते," ते पुटपुटले. बऱ्याच वेळाने पुन्हा तेच म्हणाले. रागावले असते तर बरे झाले असते.

सूनबाई औषधाची बाटली घेऊन आल्या. डॉक्टरांनी ती माझ्याकडे द्यायला लावली. "तू मोज."

मी मोजू लागले. सूनबाई काहीतरी बोलल्या. मी पेला ओतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.