शाई पुसलेली बोटं

...तर विमानतळाच्या खिडकीवर कात्रीवरून जुंपली, तिथवर काल गोष्ट आली होती. हातातल्या पिशवीत कात्री चालत नाही म्हणे! आणि हे सांगायचं कुणाला, तर चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या, गळ्यातल्या दोरीला कात्री अडकवून हिंडलेल्या बाईला. सगळा दवाखाना त्यांना कात्रीबाईच म्हणायचा. शेवटी सुनेने ती कात्री मोठ्या बॅगेत सरकवली आणि हात जोडले, "आई, तिकडे तरी कुणाशी भांडू नका हं."

"मी कुठे भांडते? मी फक्त सांगते," कात्रीबाई म्हणाल्या.

निघाल्या होत्या परक्या मुलखात, एका संस्थेबरोबर, पोरांना अ जीवनसत्त्व पाजायला. तिथली पोरं दिवस कलला की रातांधळेपणाने भिंत चाचपत चालायची. पत्र्याच्या शाळेत टेबल मांडलं. वर्षाच्या आतल्या बाळाला निळी कॅप्सूल, वरच्याला लाल. कात्रीने टोक उडवायचं, थेंब तोंडात पिळायचे आणि लगेच डाव्या करंगळीला शाई लावायची. ती शाई विसरायची नाही. कारण हे औषध दुप्पट गेलं की पोर ओकतं, तान्ह्या बाळाची टाळू फुगते. दुपारपर्यंत दोनशे दहा पोरं झाली. कात्रीबाईंच्या बोटांना फोड आले, पण रांग संपली म्हणून खुशीत त्या हात धुवायला मागे गेल्या.

तेवढ्यात संस्थेचे पाहुणे आले, कॅमेरा घेऊन. त्यांना हवा औषध पाजतानाचा फोटो, आणि रांग तर संपलेली! आता इथूनच बरोबर गेलेल्या व्यवस्थापकाचं डोकं पाहा. त्याने अंगणातली पंधरा-सोळा पोरं उचलून बाकावर बसवली आणि शाईची बोटं फोटोत दिसू नयेत म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकली! त्याच वेळी लांबून चालत आलेल्या बायका पोचल्या. त्यांची पोरंही त्याच बाकावर दाटीवाटीने बसली.

कात्रीबाई हात पुसत आल्या, तर बाकभर कोऱ्या करंगळ्या.

"द्या बाई पटापट, पाहुण्यांना घाई आहे," व्यवस्थापक म्हणाला.

"यांतल्या कितींना सकाळी दिलंय?"

"असतील बरीच. दोन थेंबांनी काय होतंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली बाईंच्या. "काय होतंय? तुमच्या नातवाला पाजा आधी, मग सांगते काय होतंय! दिलेल्याला परत देऊ की न दिलेल्याला औषधाविना परत पाठवू? बोला ना!"

आयांना विचारावं तर भाषेची बोंब. पाहुणे घड्याळ बघताहेत, पोरं आ वासून बसलेली. आणि औषध नाही दिलं, तर पहाटेपासून चालून आलेली ती पोरं पुढच्या खेपेपर्यंत, सहा महिने तशीच राहणार!

कात्रीबाईंनी काय केलं असेल? गुडघे कुरकुरत असताना सरळ जमिनीवर बसल्या आणि एकेका पोराची करंगळी नाकाशी धरली. स्पिरिटचा भपका आला, पोर बाजूला. पोरांना वाटलं खेळच आहे. ती आपणहून बोटं पुढे करून खिदळायला लागली. सहा करंगळ्यांना नुसता धुळीचा वास होता. त्या सहा पोरांना त्यांनी औषध पाजलं आणि शाई अशी फासली की अर्धा पंजा निळा.

फोटो निघाला, पण त्यात बाईंची पाठ आणि पोरांचे निळे पंजे. पाहुणे तोंड वाकडं करून गाडीत बसले. व्यवस्थापक फणफणत आला, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीत. पुढच्या खेपेला तुमचं नाव यादीत ठेवायचं का, तुम्हीच सांगा!"

कात्रीबाईंनी कात्री पदराला पुसली, गळ्यात टाकली आणि म्हणाल्या, "ठेवा नाहीतर खोडा. सहा महिन्यांनी या पोरांना दुसरा डोस आहे, मी माझी येईन, कात्रीही माझीच आहे. तुम्ही फक्त शाई तेवढी पुसली न जाणारी आणा."