चकचकीत केलेली नाणी

नाणी मी रागाच्या भरात विकली. पैशाची नड नव्हती, कुणी गळही घातली नव्हती. मुलगा पुण्याहून दिवाळीला आला होता. कपाट आवरताना त्याच्या हाती माझे तीन डबे लागले. एक उघडून, आतली पाकिटं बोटांनी ढवळून तो म्हणाला, "आई, तुझ्यानंतर हे सगळं मी भंगारात देणार. आत्ताच सांगून ठेवतो." वर हसला. मी डबा ओढून घेतला आणि झाकण लावलं.

तो परत गेला त्याच आठवड्यात मी डबे विकून टाकले. जायचंच आहे ना, तर माझ्या डोळ्यांदेखत जाऊ दे, असा तो सूड. ज्याच्यावर उगवायचा त्याला कित्येक महिने पत्ताही नव्हता.

घेणारा माणूस आमगावकडच्या रस्त्यावर लग्नाचं लॉन चालवतो. मी नाणी विकायला काढणार आहे हे त्याला कुठून तरी कळलं आणि तो स्वतःच गोंदियाला माझ्या घरी आला. "हमको बहुत शौक है, मॅडम," म्हणाला. पण शौक असलेला माणूस नाणं उचलतो, उजेडाकडे धरतो, सालाखालची टांकसाळीची खूण शोधतो. यानं डबा हातात घेऊन नुसतं वजन पाहिलं. मला ते दिसलं होतं. तरी मी दिले.

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, आधी चिचगडला, मग नवेगाव बांध इथं. नाणी तिथलीच. कुणी बाजारात चालत नाही म्हणून आणून द्यायचं, कुणाच्या जुन्या चुलीखाली सापडायचं. भोकाचा पैसा, चौकोनी दोन आणे, एक राणीछाप रुपया. नवेगावच्या तळ्याकाठी एक मासे विकणारी बाई होती. तिनं एकदा जाळ्यात अडकून आलेला, हिरवा पडलेला तांब्याचा पैसा माझ्या पिशवीत टाकला. "जारीत आला बाई, चिखलासंग. आमाले कायले पायजे? घ्या मासोऱ्यावर फुकट." मी त्याचे पैसे देऊ लागले तर ती चिडली. प्रत्येक नाण्याचं कागदी पाकीट मी स्वतः करायची आणि त्यावर लिहायची, कुणी दिलं, कुठं, कसं सापडलं. माझ्या मते मोल त्या पाकिटांचं होतं.

विकल्यावर सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते, बरं झालं, धूळ कमी झाली. शेजारणीला सांगितलं, बहिणीला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की खोटं बोलतेय हे मलाच ऐकू यायला लागलं. भाजीवाल्यानं सुटे दिले की मी अजून नाणं उलटंपालटं करायची. एकदा तो म्हणाला, "नकली नाही ना, काकू, काऊन एवढं पाहून राहिल्या?" मी त्याच्यावरच खेकसले. त्या दिवसांत मी कुणावरही खेकसत होते. मुलाचे फोन उचलायचे बंद केले होते.

उन्हाळ्यात एका जुन्या सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न त्याच लॉनवर निघालं. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. आत शिरताच, जिथं पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडतात, तिथं मागच्या भिंतीवर काचेची मोठी फ्रेम. निळ्या मखमलीवर माझी नाणी गोंदानं चिकटवलेली, मोराच्या पिसाऱ्याच्या आकारात.

आणि चकचकीत. चिंच लावून घासतात तशी घासलेली. तळ्यातला तो हिरवा पैसा मला आधी ओळखूच आला नाही. मग कडेला पडलेल्या खाचेवरून ओळखला. गुलाबी झाला होता, सोलून काढल्यासारखा. अक्षरं पुसट, राजाचं नाक गेलेलं. राणीछाप रुपयाला मध्यभागी बसवून त्यावर एक छोटा दिवा सोडला होता.

मालक तिथंच उभा होता. मला बघून खूश झाला. "देखा मॅडम? कैसा चमका दिया!"

"पाकिटं कुठं आहेत?" मी विचारलं.

"कौनसे पाकिट?"

"ज्यात नाणी होती ती. त्यावर लिहिलेलं होतं."

"अरे वो कागज? वो तो फेंक दिए. पीले पड गए थे."

पुढचं मला नीट आठवत नाही, पण ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं. मी त्याला अडाणी म्हटलं. घासलेलं नाणं मेलेलं असतं, हे तुला कुणी शिकवलं नाही का, असं ओरडून विचारलं. सनई थांबली होती म्हणे. तो आधी हसत होता, मग त्याचाही चेहरा उतरला आणि त्यानं एकच वाक्य म्हटलं, "आपने तो बेच दिया था ना?"

 त्यावर मी अजून मोठ्यानं बोलले. शेवटी नवरीच्या आईनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं. न जेवता घरी आले. तिनं नंतर कधी फोन केला नाही आणि तिचं बरोबर आहे.

त्या आठवड्यात मुलाचा फोन मी उचलला. त्याला माझ्या बहिणीकडून कळलं होतं. "मला सांगायचं तरी ना, आई. मी थट्टा करत होतो." मी म्हटलं, "मी नव्हते करत."  मग, "किती मिळाले?" असं त्यानं विचारलं, आणि मी फोन ठेवला. त्याला बहुधा बोलणं दुसरीकडे न्यायचं होतं. मला तेही सहन झालं नाही.

पावसाळा लागला तेव्हा लॉनचा मॅनेजर गाडी घेऊन दारात आला. मागच्या सीटवर ती फ्रेम, चादरीत गुंडाळलेली.

"मालकानं पाठवली. पैसे नको म्हनते. लग्नाच्या घरात शिव्याशाप झाले, त्याईले ते अपशकुन वाटून राहिलं."

मी चादर बाजूला केली आणि तो गुलाबी पैसा शोधून काचेवर बोट ठेवलं. तो कुठून आला हे आता मी मेल्यावर कुणालाच कळणार नव्हतं. कागद नवा करता आला असता, मला अजून सगळं आठवतं. पण हात त्या मोराच्या पिसाऱ्याला लावायचाच नव्हता.

"घेऊन जा," मी म्हटलं.

"तुमचीच तर होय ना बाई. काऊन नाही घेत?"

"होती. आता नाही. त्याला म्हणावं, विहिरीत टाक."

मॅनेजर थोडा वेळ फाटकाशी घुटमळला, मग पुटपुटत गाडीत बसला. गाडी वळेपर्यंत मी दारातच उभी होते. त्याला हाक मारावी असं दोनदा वाटलं. मारली नाही. नंतर आत येऊन कुकर लावायला घेतला आणि तो ओट्यावर इतक्या जोरात आदळला की झाकणाचं हँडल तुटलं.