कुबडी टाकणारा माणूस

मुलांनो, इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबा गावातल्या आमच्या लायब्ररीत बुधवारी दुपारी जुने सिनेमे दाखवतात. परवाचा सिनेमा एका भोंदू धर्मोपदेशकाचा होता. तंबूत प्रार्थनासभा घ्यायच्या आणि भोळ्या लोकांना भुलवायचं, हा त्याचा उद्योग. माझ्या शेजारी नेहमीचे ते ऑस्ट्रेलियन आजोबा होते. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, आणि डबा उघडला की पहिलं बिस्कीट मला.

पडद्यावर एक लंगडा माणूस कुबड्या फेकून चालायला लागला. आजोबा माझ्या कानाशी म्हणाले, "फार घाईने उठला. मी आधी दोनदा पडायचो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी ते अशाच एका उपदेशकाबरोबर गावोगाव हिंडायचे आणि प्रत्येक सभेत त्याच्या कृपेने बरे व्हायचे!

"मग सोडलंत कसं?" मी विचारलं.

"माझं बघून एका बाईने लेकीची कुबडी फेकायला उचलली. पोर खरंच अधू होती. मी ओरडलो, 'टाकू नका! मी धडधाकट आहे!' त्या उपदेशकाने मला गाडीतून उतरवलं ते कायमचं."

सिनेमा संपला. उठताना माझी काठी पडली. आता आजोबांचेही गुडघे खरोखरच गेलेत. तरी खुर्चीला धरून, कण्हत वाकून त्यांनी ती उचलली आणि माझ्या मुठीत दिली.

"ही सोडायची नाही, कळलं?"

इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळी लायब्ररी वळून बघायला लागली. त्या तंबूतही ते असेच ओरडले असणार.